बराकीमागची रुई

पोळ्याला जोडून वीकेंड आला की मी पुण्याहून काहीही करून घरी सटकतो. घर म्हणजे भिवापूर. नागपूरहून उमरेडमार्गे एसटी. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ‘हे कुठे आलं?’ आणि दुसरा ‘तिकडे वाघ आहेत ना?’ आहेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं, त्याचा काही भाग आमच्या तालुक्यात येतो. जय नावाचा वाघ २०१६ मध्ये गायब झाला तेव्हा सगळ्यांना अचानक आमच्या भागाची आठवण झाली होती. मिरचीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. भिवापुरी मिरचीला जीआय मिळालंय हो! असो.

आजचा विषय ना वाघ, ना मिरची. अळी. आणि तुरुंग. हे दोन एका ओळीत कसे आले ते सांगतो.

तर झालं असं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी जुन्या नॅरोगेजच्या बाजूनं फिरायला निघालो. नागपूर-नागभीड ही आमची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. लहानपणी आम्ही तिच्याबरोबर सायकलची शर्यत लावायचो आणि कधीकधी जिंकायचोसुद्धा (गाडीच हळू होती, आम्ही काही ग्रेट नव्हतो). तिथल्या पडीक जागेत आता रुई माजलीय. एका पानावर अळी दिसली. पांढरे, काळे, पिवळे पट्टे, आणि अंगावर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. फोन काढून फोटो घेत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, “दोन दिवसांत कोश करते ते.”

मागे आमच्या गल्लीतले काका. नाव लिहीत नाही. पुढे वाचाल तर का ते कळेल.

“तुम्हाला कसं माहीत काका?”

“मले नाही तर कोनाले मालूम राहीन? आमच्या बराकीच्या मागं रुईचं झाड होतं. मोजत होतो मी.”

“काय मोजत होतात?”

“अंडे, अळ्या, कोश. किती निघाले, किती मेले. दुसरं काम काय होतं बाबू?”

काका २०१४ ते २०१८ अशी जवळजवळ चार वर्षं आत होते. वावराच्या धुऱ्यावरून दोन घरांत मारामारी झाली, त्यात एक माणूस गेला, आणि फिर्यादीत जी नावं आली त्यात काकांचंही होतं. चार वर्षांनी कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे शिक्षा अशी त्यांना कधी झालीच नाही. ते कच्चे कैदी होते. ज्यांना हा शब्द कायद्याच्या पुस्तकातला वाटतो त्यांच्यासाठी आकडा देतो: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशोबानं २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. चारातले तीन. कुठल्या तुरुंगात काका होते ते इथे महत्त्वाचं नाही, तेही सांगत नाही.

कच्च्या कैद्याला सक्तीनं काम देता येत नाही. ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की दिवस उगवतो आणि मावळत नाही. आमच्याकडे एक दिवस व्हीपीएन बंद पडला तर लोक वेड लागल्यासारखे वागतात. काकांकडे चार वर्षं होती आणि एक रुईचं झाड.

मग आम्ही रुळाच्या कडेला बसलोच. काका सांगत होते आणि मी ऐकत होतो. अंडं एकेकटं असतं, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला. अळी बाहेर आली की आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते. “चार खेपा कात टाकते. पाचव्या खेपेले कोश.” कोश पानाखाली उलटा लटकतो, हिरवा नाहीतर गुलाबीसर, आणि त्यावर सोन्याचे टिपके. पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-साडेतीन आठवडे, थंडीत त्याहून जास्त. मी रात्री पुस्तकात पाहिलं. सगळं बरोबर. अळीच्या पाच अवस्था, म्हणजे चार वेळा कात आणि पाचव्यांदा कोश. काकांचं शिक्षण सातवी. हे सगळं त्यांनी मनीऑर्डरच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं, तारखेसकट. सुटायच्या दिवशी गडबडीत ते कागद आतच राहिले.

इथपर्यंत ही एक छान गोष्ट होती. पुढे काका जे म्हणाले त्यानं माझी झोप उडवली.

“एक दुसरी येत होती. दिसाले अशीच. पन ते रुईवर अंडे नव्हती घालत. खाली भिंतीजवळ घोळ उगवली होती, तिच्यावर बसे. मी तिले मोजत नव्हतो. हिशोब चुकला असता.”

घोळ म्हणजे आपली घोळीची भाजी. आमच्या घरी आजी अजून पावसाळ्यात पिठलं घालून करते.

आता जरा फुलपाखरांची भानगड. रुईवर वाढतं ते प्लेन टायगर. नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरे पट्टे. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी एकदा चाखून पुन्हा त्याच्या नादी लागत नाहीत. डॅनाइड एगफ्लाय नावाचं एक वेगळंच फुलपाखरू आहे. त्याची मादी प्लेन टायगरचे हुबेहूब कपडे घालून हिंडते. विष नाही, फक्त गणवेश. आणि तिच्या अळ्यांचं एक ठरलेलं खाद्य कोणतं? घोळ. हे फुलपाखरू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात होतं, म्हणजे वाघाच्या रांगेत. (२०२२ च्या दुरुस्तीनं सगळी परिशिष्टं नव्यानं मांडली गेली.) त्या दोघांतला फरक चांगल्या चांगल्या हौशी लोकांना पटकन कळत नाही. मागच्या पंखाच्या मधल्या भागातले काळे ठिपके बघावे लागतात. प्लेन टायगरला तीन-चार असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच.

मी फोनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. “काका, त्या दुसरीच्या मागच्या पंखावर ठिपके किती होते?”

काकांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग परत दिला.

“ठिपके नाही मोजले. मले कुठं मालूम होतं का ठिपके मोजाचे असते.”

त्यामुळे एका तुरुंगाच्या आवारात एगफ्लाय होतं असं मी म्हणू शकत नाही. फोटो नाही, कागद नाही, ठिपके नाहीत. पण एका सातवी शिकलेल्या माणसानं दिसायला सारखी दोन फुलपाखरं फक्त वागण्यावरून वेगळी ओळखली आणि स्वतःच्या डेटात सरमिसळ होऊ नये म्हणून एक बाजूला काढलं, एवढं नक्की म्हणतो. माझ्या टीममध्ये दोन वर्षं अनुभव असलेली मुलं हे करत नाहीत. (मीही सगळ्यात आधी ड्युप्लिकेट रेकॉर्ड्स आहेत म्हणून उडवून टाकली असती.) त्याला फक्त एक माणूस हवा होता, आठवड्यातून एकदा येऊन ‘ठिपके मोजा’ असं सांगणारा.

असा माणूस नेमण्याची व्यवस्था जगात एके ठिकाणी खरोखर झालेली आहे. त्या रात्री मी तेच वाचत बसलो.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टेलर्स चेकरस्पॉट नावाचं छोटं फुलपाखरू आहे, नारिंगी-काळी-पांढरी चौकट चौकट, जणू कुणी लुगड्याचा तुकडा कापून पंख केलेत. गवताळ माळ संपत गेले तसं ते संपत गेलं. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. राहिलेल्यांची सगळ्यात मोठी वस्ती कुठे असावी? लष्कराच्या तोफांच्या सरावाच्या मैदानावर! गोळे पडतात, गवत पेटतं, झाडी वाढत नाही, माळ मोकळा राहतो, म्हणून फुलपाखरू टिकलं. आपण ज्याला निसर्ग म्हणतो तो कशाच्या आडोशानं टिकेल काही सांगता येत नाही.

या फुलपाखराच्या अळ्या वाढवून परत माळावर सोडायचं काम ओरेगॉनच्या प्राणिसंग्रहालयानं सुरू केलं होतं. २०११ मध्ये त्यात मिशन क्रीक नावाचा बायकांचा तुरुंग आला. कमी सुरक्षेचा तुरुंग, आवारात काचघर. तिथे कैदी बायकांनी फुलपाखरांच्या जोड्या लावल्या, मधपाणी पाजलं, अंडी मोजली, अळ्यांना घालायचा पाला स्वतः वाढवला. या फुलपाखराची वर्षाला एकच पिढी. अळी उन्हाळ्यात खाणं थांबवते आणि झोपी जाते ती हिवाळा सरताना उठते. तेवढे महिने ती जिवंत आहे की मेली हे नुसतं बघून कळत नाही, आणि तरी तिला सांभाळायचं असतं. मग जागी झाली की माळावर सोडायची. सोडणाऱ्या गाडीत मात्र बहुतेक वेळा त्या बायका नसायच्या. हजारो अळ्या अशा बाहेर गेल्या.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं सांगतो. मादी अंडी घालायला कोणतं झाड निवडते याचे प्रयोगही तिथेच झाले. माळांवर सगळीकडे पसरलेलं एक परदेशी तण आहे, अळ्या ते खातात, आणि बरीच वर्षं त्यावर निभावून नेलं जात होतं. समोर पर्याय ठेवल्यावर माद्यांनी आपली जुनी देशी झाडं निवडली. म्हणजे माळावर काय लावायला हवं याचा एक धागा तुरुंगातल्या काचघरातून आला. त्या कामाला ‘कैद्यांचं मन रमवणे’ म्हणणं हा त्या बायकांचा अपमान आहे.

हा सगळा प्रकार मुळात सुरू केला तो एका नाडकर्णींनी. आडनाव वाचून मीही खुर्चीत सरळ झालो. नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून गेलेले, आई ब्रुकलिनची ज्यू. बाई उंच झाडांच्या शेंड्यांवर दोरानं चढून तिथल्या शेवाळाचा अभ्यास करतात. त्या भागातल्या जुन्या जंगलांतून फुलवाले शेवाळ ओरबाडून नेतात आणि ते परत यायला दशकं लागतात. शेवाळ मुद्दाम वाढवता येईल का हे बघायला त्यांना भरपूर वेळ असलेली आणि बारकाईनं बघणारी माणसं हवी होती. २००४ च्या सुमाराला त्या सीडर क्रीक नावाच्या तुरुंगात गेल्या. पुढे तिथेच बेडूक वाढवले, भाज्या लावल्या, शास्त्रज्ञांची व्याख्यानं झाली, आणि एव्हरग्रीन कॉलेज व तिथलं तुरुंग खातं यांचा मिळून कायमचा कार्यक्रम उभा राहिला.

त्याच बाईंचा आणखी एक प्रयोग आहे. ओरेगॉनच्या एका तुरुंगात एकांतकोठडीतल्या लोकांना जंगलाचे, समुद्राचे व्हिडिओ दाखवले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला: व्हिडिओ बघणाऱ्यांच्या हातून हिंसक प्रकार २६ टक्क्यांनी कमी घडले. हा आकडा लोक फार उत्साहानं फिरवतात. मी तो जपून वापरीन. एका तुरुंगाच्या एका विभागातला तो प्रयोग आहे आणि त्यात फक्त पडद्यावरचा निसर्ग होता. ‘फुलपाखरं पाळा, गुन्हेगारी घटवा’ असा फलक कुणी लावला तर त्याला माझी सही मागू नका.

आणि तिथलं सगळं गोड आहे असंही नाही. कैद्यांची मजुरी बरीच वर्षं तासाला एक डॉलरच्याही आत होती. स्वस्तात संवर्धन! शेवटी अळीला पाला घालणारा हात मोकळा आहे की बांधलेला याच्याशी अळीला काही देणंघेणं नसतं, पण आपल्याला असायला हवं.

आता आपल्याकडे या.

पहिली गोष्ट, तुरुंगात माणसावर विश्वास टाकून काम द्यायची कल्पना आपल्याला अमेरिकेकडून घ्यायची गरज नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये तिथे भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू केली. त्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) सुचला, कथा गदिमांची, चित्रपट शांतारामबापूंचा. सिनेमा आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर रविवारी बघितला, गाणं शाळेत म्हटलं, आणि तो विषय तिथेच मिटला. खुली कारागृहं मात्र आजही आहेत. पैठणला आहे, येरवड्याला आहे, आमच्या विदर्भात अमरावती जिल्ह्यात मोर्शीला आहे. तिथे शेती चालते.

मोर्शी! इथे मला हसू आलं. मोर्शी-वरुड म्हणजे संत्र्याचा पट्टा. आणि संत्र्याच्या रोपांची पानं फस्त करणारी अळी कुणाची? लाइम बटरफ्लाय नावाच्या देखण्या फुलपाखराची. तिथे जाऊन ‘आम्ही फुलपाखरं वाढवणार’ म्हटलं तर आजूबाजूचे शेतकरी आपल्यालाच आत टाकतील. म्हणून सांगतो, हा कार्यक्रम तिकडून उचलून इकडे चिकटवता येणार नाही. इथे कोणतं फुलपाखरू, कोणतं झाड, कोणता धुरा, हे माहीत असलेला माणूस आधी लागेल.

कायदाही वेगळा आहे. संरक्षित यादीतल्या फुलपाखराला हात लावायचा तर शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठीसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तुरुंगाच्या आत कुणी बाहेरचा माणूस न्यायचा तर ती परवानगी वेगळ्या खात्याची. दोन खाती, दोन फाइली. ज्यांनी दोन व्हेंडरांची सिस्टिम एकमेकांना जोडायचं काम केलंय त्यांना पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात फुलपाखरानं करूच नये. झाडानं करावी. फुलपाखरांचं आपल्याकडे खरं दुखणं तेच आहे. आमच्या भागात आता धुरा शिल्लक राहिला तरी त्यावर तणनाशक मारतात. रुई, घोळ, तरोटा, सगळं ‘कचरा’. तरोट्यावर पिवळी छोटी फुलपाखरं वाढतात, कढीपत्त्यावर मॉर्मन, ईश्वरीच्या वेलावर क्रिम्झन रोज. रोपवाटिकेत गुलमोहर मिळतो, बोगनवेल मिळते, ईश्वरीचा वेल मागून बघा. तुरुंगात जमीन आहे, पाणी आहे, माणसं आहेत. अळीच्या खाण्याची देशी झाडं तिथे वाढवा, शाळांना आणि वनखात्याला द्या, आणि आवारात आपोआप येणाऱ्या फुलपाखरांची रोज नोंद ठेवा. मोजायला आणि लिहून ठेवायला कुणाला हात लावावा लागत नाही. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, देशात पहिल्यांदा. जाहीर करणं सोपं असतं. तारीखवार नोंदी मात्र कुणीतरी बसून करायच्या असतात.

यात तीन गोष्टींवर मी अडून बसेन.

मजुरी. शिक्षा झालेल्या कैद्याला कामाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच गुजरातच्या खटल्यात सांगितलं. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतरही रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आत होती. नोंदी ठेवणं हे कुशल काम आहे, त्याला कुशल मजुरी हवी. आमच्याकडे मिरचीच्या सातऱ्यावर बायका दिवसभर देठ खुडतात, बोटांची आग होते, आणि पैसे किलोवर मिळतात. माझ्या आजीनं ते अनेक वर्षं केलं. बारीक काम करणाऱ्या हातांना कमी पैसे द्यायची आपली सवय जुनी आहे, तुरुंगात ती आणखी घट्ट होईल.

दुसरी, काम कुणाला मिळणार. तुरुंगात काम वाटणं कधीच निरागस नसतं. कैद्यांना जातीवरून कामं वाटायची, झाडू याच्याकडे आणि स्वयंपाक त्याच्याकडे, असे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत लिहिलेले होते. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते खणून काढलं, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. काल परवाची गोष्ट आहे ही! फुलपाखरांचं काम सावलीतलं, स्वच्छ आणि मानाचं. ते कुणाच्या वाट्याला जातं यावर कुणाचंतरी बाहेरून लक्ष पाहिजे. आणि कच्च्या कैद्यांना, ज्यांची इच्छा असेल त्यांना, ते खुलं पाहिजे. सगळे कार्यक्रम ‘शिक्षाबंदी’ डोळ्यांसमोर ठेवून आखले जातात आणि चारातले तीन बाहेर राहतात.

तिसरी, कागद. बाहेर पडताना माणसाच्या हातात त्याचं नाव असलेला कागद हवा. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं बऱ्याच तुरुंगांत पोचलेली आहेत, तेव्हा प्रमाणपत्र द्यायची वाट अगदीच बंद नाही.

आणि हे सगळं जोडून धरणारा एक पगारी माणूस. वॉशिंग्टनमध्ये हे काम कॉलेजचे पदव्युत्तर विद्यार्थी करत आले. तुरुंगात जायचं, नोंदी तपासायच्या, प्राणिसंग्रहालयाशी बोलायचं, गेटवर अडकलेली कुंडी आत न्यायची. या माणसाचं नाव कुणी लावत नाही आणि तो सुट्टीवर गेला की सगळं कोसळतं. आमच्या धंद्यात अशा माणसाला काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात मंत्री असतो, बॅनर असतो, रोप असतं, फोटोग्राफर असतो. हा माणूस नसतो.

हे सगळं मी सोमवारी जेवणाच्या टेबलावर बोललो. एक मित्र लगेच, “म्हणजे लोकांनी खून करायचे आणि आपण त्यांना फुलपाखरं द्यायची?”

पहिल्यांदा मी त्याला तो चारातले तीनवाला आकडा ऐकवला. तो गप्प झाला, पण मला माहीत होतं की हे पूर्ण उत्तर नाही. कारण चौथा उरतोच. आणि काकांच्या केसमध्येही एक माणूस खरोखर मेला होता. त्याचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून आहे. कोर्टानं निर्दोष सोडलं तरी त्या घरावरून जाताना काका आजही सायकलवरून उतरतात आणि मान खाली घालून चालत जातात. त्या घरातल्या काकूंसमोर मी फुलपाखरांचं हे भाषण करू शकेन का? नाही करू शकणार. त्यांचं जे गेलं ते कुठल्याही कार्यक्रमानं भरून येणार नाही, आणि तसं कुणी सुचवूही नये. पण चार वर्षं एका माणसाला रिकामं बसवून ठेवल्यानं त्यांना काय मिळालं, हेही मला कुणी सांगावं.

मित्र म्हणाला, “तू फारच सिरियस झालास यार,” आणि आम्ही चहाला गेलो.

मी काय केलं म्हणाल तर फार काही नाही. माझ्या ओळखीचे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त सर आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. झाडांची यादी मीच देतो म्हणाले, मोफत देतो म्हणाले. मग विचारलं, “पण फॉलोअप कोण करणार? तू पुण्यात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. वीकेंडला येऊन हे काम होत नाही हे मलाही कळतं. अर्जाचा मसुदा लिहून ठेवलाय, दोन खात्यांना दोन. पाठवायच्या आधी कुणी तुरुंगात शिकवायला जात असेल, रोपवाटिका चालवत असेल, तर त्यांनी तो एकदा वाचून फाडून द्यावा अशी खरंच इच्छा आहे.

आणि काकांसाठी एक वही घेतली, जाड पुठ्ठ्याची. रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून रकाने आखले. तारीख, वेळ, ऊन की ढग, झाड, अंडी, अळ्या, कोश. शेवटचा रकाना मी ‘मागच्या पंखावरचे ठिपके’ असा लिहिला. काका म्हणाले, अजून एक रकाना पाड. “कशाचा?” तर म्हणे, “मेले त्यांचा. ते लिहाच लागते.”

काल रात्री त्यांचा फोन आला. रुईवर नऊ अळ्या, दोन कोश. घोळीचा रकाना रिकामा. बाजूवाल्यानं धुऱ्यावर औषध मारलं, घोळ सगळी जळाली.

“मग आता?”

“आता काय. माह्या अंगनात लावली थोडी. तुह्या आजीनं दिली मुळासकट. पन तिले सांगून ठेव, भाजीले तोडू नको म्हना.”